बरा झालेला माणूस मनोरुग्णालयातच का राहतो?

शाळेत असताना वर्गात कुणी जरा वेगळं वागलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "याला ठाण्याला पाठवा रे!" पुण्याकडची मुलं हेच येरवड्याचं नाव घेऊन म्हणायची, विदर्भातली नागपूरचं, कोकणातली रत्नागिरीचं. सगळे हसायचे. महाराष्ट्र सरकारची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं नेमकी याच चार ठिकाणी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. ते हसणं आता टोचतं.

दर काही महिन्यांनी यातल्या एखाद्या रुग्णालयाची बातमी येते. मजकूर साधारण तोच असतो. इतके रुग्ण बरे झाले आहेत, पण न्यायला कुणी येत नाही. कुणी दहा वर्षं आत आहे, कुणी वीस. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही गेला. वाचणारा गोंधळतो. टायफॉइड उतरला की माणूस पिशवी उचलून घरी जातो. मग इथे बऱ्या झालेल्या माणसाला कुणीतरी 'न्यायला' का यावं लागतं?

याचं उत्तर आजच्या डॉक्टरांकडे किंवा नातेवाइकांकडे शोधलं तर अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं या जागा बांधल्या कशासाठी, यात आहे.

आधी काय होतं?

वेड लागलेला माणूस पूर्वी गावात, घरात सुखानं नांदायचा, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काही घरांनी अशा माणसाला खूप मायेनं सांभाळलं. काही घरांनी त्याला गोठ्यात, दावणीशेजारी बांधून ठेवलं. बाहेरची बाधा समजून नरसोबाच्या वाडीला, गाणगापूरला किंवा एखाद्या दर्ग्यावर नेऊन बसवणं ही तिसरी वाट होती, आणि ती आजही वाहती आहे.

युरोपातही चित्र वेगळं नव्हतं. लंडनचं बेथलेम १२४७ साली मठ म्हणून सुरू झालं आणि पुढे वेड्यांची जागा म्हणून ओळखलं जाऊ लागलं. अठराव्या शतकात तिथे लोक सुटीच्या दिवशी रुग्ण 'बघायला' जायचे, राणीच्या बागेत वाघ बघायला जावं तसे.

आपल्याकडे भिंतींच्या आतली जागा ईस्ट इंडिया कंपनीबरोबर आली. मद्रासमध्ये व्हॅलेंटाइन कोनोली नावाच्या सर्जननं १७९४ साली असं एक घर काढलं. ते खासगी होतं. कंपनी भाडं आणि माणशी खर्च द्यायची, आणि उरलेला नफा त्याचा. म्हणजे आत जितकी माणसं जास्त आणि त्यांच्यावर खर्च जितका कमी, तितकी कमाई मोठी. या हिशेबात माणूस बरा होऊन घरी जाण्याला जागाच नव्हती.

गोऱ्यांसाठी मात्र वेगळा मार्ग होता. कंपनीच्या वेडसर ठरलेल्या युरोपीय नोकरांना जहाजानं इंग्लंडला पाठवलं जाई आणि तिथे लंडनच्या पेम्ब्रोक हाउसमध्ये ठेवलं जाई. साहेब लोकांतला एखादा वेडापिसा होऊन रस्त्यावर दिसणं राज्याच्या रुबाबाला परवडणारं नव्हतं.

१८५८: पोलीस, मॅजिस्ट्रेट आणि एक कागद

१८५७ चा उठाव मोडल्यावर राज्य कंपनीकडून राणीकडे गेलं. त्याच धामधुमीत १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला. वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. सरकारला तेव्हा रस्ते शांत हवे होते. भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडसर माणूस दिसला की पोलिसांनी त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, डॉक्टरनं दाखला द्यायचा आणि मॅजिस्ट्रेटनं त्याला आत पाठवायचं. पुढे १९१२ साली नवा कायदा आला तरी मूळ घडण हीच राहिली. आत पाठवण्याच्या त्या कागदाला 'रिसेप्शन ऑर्डर' म्हणत. या लेखात हा एकच कायद्याचा शब्द पक्का लक्षात ठेवा: न्यायाधीशाच्या सहीनं माणूस आत घेण्याचा हुकूम.

हे समजायला एसटी स्टँडवरचं सामानघर डोळ्यांपुढे आणा. पिशवी ठेवणारा एक जण असतो, पावती त्याच्या खिशात असते. पावती घेऊन तो आला की पिशवी मिळते. पावतीवाला आलाच नाही, तर पिशवी फळीवर धूळ खात राहते. पिशवीनं आपणहून खाली उतरून चालू लागावं, अशी सोय सामानघरात नसते.

रिसेप्शन ऑर्डरनं माणसाचं हेच झालं. सुटकेची वाट कायद्यात होती, नाही असं नाही. १९१२ च्या कायद्यात तीन अभ्यागतांनी, म्हणजे तपासणीला येणाऱ्या मान्यवरांनी, मिळून सोडायला सांगितलं तर सुटका व्हायची. त्यातला एक वैद्यकीय अधिकारी असणं आवश्यक होतं. नाहीतर नातेवाइकानं हमीपत्र लिहून द्यायचं आणि माणूस घेऊन जायचं. पण दोन्ही वाटांवर पाऊल दुसऱ्यानं टाकायचं होतं. जो आत होता त्याच्या स्वतःच्या "मला जायचंय" या वाक्याला कागदावर वजन नव्हतं.

इमारतीही त्याच विचारानं बांधल्या गेल्या. उंच भिंत, एकच फाटक, लांबलचक बराकी, गजांच्या खोल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या जागांवर देखरेख तुरुंग खात्याच्या अधिकाऱ्यांची होती, नंतर ती सिव्हिल सर्जनकडे आली. नागपूरचं इस्पितळ १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं. १९२० च्या दशकात 'असायलम'च्या पाट्या उतरून 'मेंटल हॉस्पिटल'च्या पाट्या चढल्या. भिंती त्याच राहिल्या.

गांजाचा रकाना

या काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आत गेलेल्या माणसाला किती कमी विचारलं जात होतं ते तिच्यातून कळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या संसदेत ओरड सुरू झाली की हिंदुस्थानातली इस्पितळं गांजा ओढून वेडे झालेल्यांनी भरली आहेत. पुरावा म्हणून इस्पितळांचे वार्षिक तक्ते दाखवले जात होते. त्यात प्रत्येक रुग्णापुढे 'वेडाचं कारण' असा रकाना होता आणि रकान्यामागून रकान्यात गांजा, भांग, चरस लिहिलेलं होतं. सरकारनं १८९३ साली चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगानं एक साधा प्रश्न विचारला: हा रकाना भरतं कोण?

उत्तर थक्क करणारं निघालं. माणसाला पकडून आणणारा पोलीस वाटेत अंदाजानं कारण ठरवत होता. हा गांजा ओढतो का, कुणी म्हणालं ओढतो, लिहा गांजा. कारण माहीत नाही म्हणून रकाना रिकामा सोडला तर वरून विचारणा होई, त्यापेक्षा काहीतरी लिहिलेलं बरं. इस्पितळाचा अधीक्षक तेच आपल्या वहीत उतरवून घेई. वहीतून ते तक्त्यात जाई, तक्त्यातून अहवालात आणि अहवालातून थेट संसदेत.

१८९२ साली दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांपुढे गांजा-भांगेचं कारण लिहिलेलं होतं. आयोगानं एकेकाच्या गावी, घरी चौकशी करवली. शेवटी ९८ जणांच्या बाबतीत गांजाचा काही संबंध असू शकेल, एवढंच म्हणता आलं.

जरा त्या उरलेल्यांचा विचार करा. कुणाला बाळंतपणानंतर भ्रम झाला असेल, कुणाला मिरगीचे झटके येत असतील, कुणाचं पोर गेलं असेल. त्यांच्या वहीत एका हवालदाराचा अंदाज लिहून ठेवलेला होता आणि त्यावरच त्यांचं आयुष्य बेतलं जात होतं. गावी जाऊन विचारल्यावर खरं कळलं, म्हणजे विचारलं असतं तर आधीही कळलं असतं.

साठत जाणाऱ्या पाण्याचं गणित

एक प्रश्न इथे रास्त आहे. सगळेच अधीक्षक काही दुष्ट नव्हते. कित्येक जण कळकळीनं काम करत होते. मग या जागा इतक्या बिघडल्या कशा?

साधं गणित करून बघू. समजा, एका इस्पितळात वर्षाला पन्नास माणसं येतात. पंचेचाळीस बरी होऊन घरी जातात, पाच राहतात. पहिल्या वर्षी कुणी म्हणेल, वा, शंभरातले नव्वद घरी गेले. पण दरवर्षी पाच साठत गेले की तीस वर्षांत दीडशे होतात. जागा मात्र शंभरांचीच. मग दोन खाटांमधली जागा जाते, मग खाट जाऊन जमिनीवर अंथरूण येतं. नवीन माणसाला वेळ देणारे हात जुन्यांची अंघोळ-जेवणं उरकण्यात गुंततात. मग पन्नासांतले पंचेचाळीस नाही, चाळीसच घरी जातात आणि दहा साठतात. कुणी क्रूरपणा करायचा ठरवला नाही तरी टाकी भरत जाते, कारण आतला नळ मोठा आहे आणि बाहेरची तोटी गंजलेली.

आणि देशाला लागणारी टाकी तर कितीतरी मोठी होती. १९४६ साली भोर समितीनं आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला तेव्हा चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. म्हणजे चाळीस हजार माणसांमागे एक. इंग्लंडमध्ये त्याच वेळी साधारण तीनशे माणसांमागे एक होती. आपल्याकडे एकाच वेळी दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या: बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते आणि ज्यांना मिळत होते ते कोंडले जात होते. आजही येरवड्यात अडीच हजारांहून अधिक मंजूर खाटा आहेत. एवढ्या मोठ्या जागेत एकेका माणसाचं नाव, गाव आणि गोष्ट लक्षात राहणं किती कठीण असेल, याची कल्पना करा.

उपचार होते तरी काय?

१९५० पर्यंत डॉक्टरांच्या हातात फार काही नव्हतं आणि हतबलतेतून भयंकर प्रयोग झाले. मुद्दाम मलेरियाचा ताप आणणं, इन्शुलिननं बेशुद्ध करणं, मेंदूचे धागे कापणं. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या प्रयोगांना नोबेलही मिळालं, अनुक्रमे १९२७ आणि १९४९ साली. त्यांवर अधिक लिहावंसं वाटत नाही.

सर्पगंधेबद्दल मात्र लिहायलाच हवं. आपल्याकडचे वैद्य पिढ्यानपिढ्या या झुडपाची मुळी उन्मादावर देत आले. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरचं औषध म्हणून तिच्यावर शोधनिबंध लिहिला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा परिणाम ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. मग न्यू यॉर्क राज्यातल्या रॉकलंड इस्पितळात नेथन क्लाइन यांनी सर्पगंधेतून काढलेलं औषध रुग्णांना देऊन पाहिलं. औषध काम करतंय हे आधी कुणाच्या लक्षात आलं, याची एक आठवण सांगतात: खिडक्यांना काचा बसवणाऱ्या कारागिराच्या. काही वॉर्डांतल्या काचा फुटायच्या थांबल्या होत्या.

पुढे या औषधानं काहींना खोल नैराश्य येतं हे दिसलं आणि १९५२ मध्ये पॅरिसला वापरात आलेलं क्लोरप्रोमझिन हे दुसरं औषध सगळीकडे पोचलं. महत्त्वाचं हे की १९५० च्या दशकानंतर बरेच रुग्ण गोळ्या घेऊन घरी राहू शकतील अशी स्थिती खरोखर आली. म्हणजे त्यानंतर कोंडून ठेवण्याचं वैद्यकीय कारण झपाट्यानं कमी झालं. तरी दारं उघडली नाहीत.

"आणि तो शॉक?"

हा प्रश्न येणारच. विजेच्या झटक्याचा उपचार १९३८ मध्ये इटलीत सुरू झाला. सुरुवातीला तो भूल न देता दिला जाई. चार जण हातपाय दाबून धरत, हाडं मोडत. अनेक ठिकाणी तो शिक्षा म्हणून, गोंधळ घालणाऱ्याला गप्प करायला वापरला गेला. लोकांच्या मनात बसलेली भीती खोटी नाही.

आजचा शॉक वेगळा असतो. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन, थोड्या वेळासाठी. खोल नैराश्यात अन्नपाणी सोडलेल्या माणसाला त्यानं जीवदान मिळतं, हे मानसोपचारतज्ज्ञ अनुभवानं सांगतात. काहींची त्या दिवसांतली स्मृती पुसट होते, हेही खरं आहे. भूल न देता शॉक देण्यावर २०१७ च्या कायद्यानं बंदी घातली. एवढी साधी गोष्ट कायद्यात यायला किती उशीर झाला बघा.

अमृतसरचे तंबू

दार उघडता येतं, हे आपल्याच देशात एका माणसानं दाखवून दिलं होतं. १९५० च्या दशकात डॉ. विद्या सागर अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते. वॉर्ड तुडुंब भरलेले. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाला आणणाऱ्या घरच्यांना सांगितलं, सोडून जायचं नाही, इथेच राहायचं.

आई, भाऊ, बायको तंबूत राहू लागली. रुग्णाला खाऊ घालायची, त्याच्याशी बोलायची, औषध कसं द्यायचं ते शिकायची. डॉक्टर सगळ्यांना एकत्र बसवून आजार समजावून सांगत. घरच्यांना रोज समोर दिसत होतं की माणूस हळूहळू भानावर येतोय. मग तो बरा झाल्यावर "न्यायला कोण येणार" हा प्रश्नच उरला नाही. न्यायला येणारे शेजारीच बसलेले होते.

सामानघराची पावतीच त्यांनी कुणाला दिली नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी कल्पना वाटते आणि तिला ना मोठी इमारत लागली ना महागडं यंत्र. ती देशभर का पसरली नाही, याची खंत वाटते.

भिंतीआडचं बाहेर आलं ते न्यायालयांमुळे

१९१२ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही चाळीसहून अधिक वर्षं चालूच राहिला. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला, तो प्रत्यक्ष लागू व्हायला १९९३ उजाडलं. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे. हे सांगावं लागलं, कारण अनेकांना तसंच ठेवलेलं होतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा १९९९ चा अहवाल तर म्हणाला की काही जागांना रुग्णालय म्हणणंच चूक आहे, कुटुंबांनी नको असलेली माणसं टाकून देण्याच्या त्या जागा झाल्या आहेत.

आणि मग एरवाडी. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातलं दर्ग्याचं गाव. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या एका खासगी मनोरुग्ण आश्रमाला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, बहुतेकांना पळता आलं नाही. २८ जण गेले. एरवाडी हे सरकारी इस्पितळ नव्हतं, हे लक्षात घ्या. भिंतीला दोष देऊन भागत नाही. जवळपास उपचारच नसतील तर लोक आपल्या माणसाला दर्ग्याच्या आडोशाला, साखळीच्या भरवशावर सोडतात.

आता कायदा काय म्हणतो?

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्यानं १८५८ ची चौकट उलटी केली.

दाखल होणं हे आधी रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेनं. तो ठरवण्याच्या स्थितीतच नसेल तर त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीच्या विनंतीवरून, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, आणि तेही आधी तीस दिवसांपर्यंतच. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाकडे कागद. भटकणारी व्यक्ती पोलिसांना आढळली तर तिला कोठडीत टाकायचं नाही, आरोग्य केंद्रात न्यायचं. साखळी नाही. जबरदस्तीनं केस भादरणं नाही. आपण आजारी पडलो तर कोणते उपचार चालतील आणि कोणते नाहीत, हे शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवायचाही हक्क आहे, मृत्युपत्र करावं तसं.

आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेलं कलम एकोणिसावं आहे. घरच्यांनी नाकारलं किंवा घर उरलं नाही, एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी सरकारनं हाफ-वे होम उभारायचं, म्हणजे वॉर्ड आणि स्वतःचं घर यांच्या मधलं छोटं घर, जिथे चारसहा जण थोड्या मदतीवर आपापलं राहतात.

कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात अशी घरं अगदी थोडी आहेत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला बजावावं लागलं की मनोरुग्णालयातली माणसं भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं थांबवा. एका फळीवरची पिशवी दुसऱ्या फळीवर ठेवण्याचाच तो प्रकार होता.

"मग ही रुग्णालयं बंदच का करत नाही?"

इटलीनं केली. फ्रांको बाझाल्या हे डॉक्टर १९७१ मध्ये त्रिएस्त शहराच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. १९७३ मध्ये तिथल्या रुग्णांनी आणि कलाकारांनी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक भलामोठा निळा घोडा बनवला. शहरातून मिरवायला काढला तर तो फाटकातून मावेना. शेवटी फाटकच फोडून घोडा बाहेर काढला, मागोमाग रुग्ण निघाले. १९७८ मध्ये इटलीनं कायदा करून मनोरुग्णालयांत नवी भरती थांबवली. त्रिएस्तमध्ये हे जमलं, कारण भिंत पाडण्याआधी आणि पाडताना वस्त्यावस्त्यांत केंद्रं, राहायची घरं, कामाच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या.

अमेरिकेतही खाटा झपाट्यानं कमी केल्या. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती, पुढच्या काही दशकांत ती रुग्णालयं रिकामी झाली. पण वस्त्यांमध्ये उभारायची म्हणून ठरलेल्या केंद्रांपैकी निम्मीही झाली नाहीत. हजारो आजारी माणसं फुटपाथवर आणि तिथून तुरुंगात गेली. म्हणून "बंद करा" म्हणणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो: बाहेर काय बांधलंय?

"पण अशी माणसं धोकादायक असतात ना?"

तीव्र आजारात, उपचाराविना, काही जण काही काळ आक्रमक होतात. घरच्यांनी ते सोसलेलं असतं, त्यांना हे नाकारून सांगू नये. पण बहुतेक मनोरुग्ण कुणालाही इजा करत नाहीत, उलट रस्त्यावर दगड, मार आणि अत्याचार तेच सोसतात. आणि ज्यांच्याबद्दल हा लेख आहे, ते तर डॉक्टरांनी बरे म्हणून सांगितलेले.

"घरचे इतके निर्दयी कसे?"

मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. नोकरी, दहा बाय बाराची खोली, अंथरुणाला खिळलेली आई आणि रात्रभर येरझारा घालणारा भाऊ, हे सगळं एकट्यानं सांभाळणारी कितीतरी माणसं आहेत. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ नाही, महिन्याची गोळी आणायला एक दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याला जायचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आजारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. दमलेल्या माणसानं खोटा पत्ता लिहून दिला तर त्याला शिव्या घालण्याआधी त्याच्या दारापर्यंत काय पोचवलं होतं, ते बघावं.

बायकांच्या वाट्याला मात्र वेगळं येतं, हे नोंदवलंच पाहिजे. नवरा आजारी पडला तर बायको बहुतेकदा त्याच्यासोबत राहते. बायको आजारी पडली की नवरा दुसरं लग्न करतो, माहेरी भावजय आलेली असते. ती बरी होते तेव्हा दोन्ही घरांत तिची जागा भरलेली असते.

तरी घरं नाकारतातच असंही नाही. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना मुंबईत एक तरुण नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याच्यावर उपचार केले. तो आंध्रचा पदवीधर निघाला, घरचे त्याला शोधत होते. त्यातून १९८८ मध्ये श्रद्धा संस्था उभी राहिली. पुढे कर्जतला केंद्र झालं आणि हजारो माणसं देशभर आपापल्या गावी पोचली. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पोचवलेल्यांपैकी बहुतेकांना घरानं आत घेतलं. ती माणसं मेली असं समजून काही घरांनी दिवसही घातले होते.

पत्ता

काही वर्षांपूर्वी मी एका मनोरुग्णालयाच्या स्त्री कक्षात दुपारभर बसलो होतो. तिथले समाजसेवा अधीक्षक एका आजींशी बोलत होते. आजींची गोळी चालू होती, बोलणं स्वच्छ होतं. किती वर्षं आत आहेत हे त्यांना सांगता येईना. गावाचं नाव त्या पिंपळगाव सांगत होत्या. तालुका आठवत नव्हता, आणि पिंपळगावं महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात आहेत.

"आजी, बाजार कोणत्या वारी भरायचा?"

"मंगळवारी."

"जत्रा कुणाची?"

"खंडोबाची. चंपाषष्ठीला."

"एसटीतून उतरल्यावर घरी कसं जायचं?"

आजींनी डोळे मिटले आणि उजवा हात हवेत उचलला. "जिनिंगच्या फाट्यावर उतरायचं. डाव्या अंगाला ओढा. पाणी असलं तर थांबायचं, उतरू द्यायचं. मग जांभळीखालून वर. तिसरं घर. दारात दगडी उखळ आहे."

अधीक्षक सगळं लिहून घेत होते, उखळासकट. मग त्यांनी टेबलाखालून नकाशा काढला. मंगळवारचा बाजार, खंडोबा, ओढा आणि कापसाचा भाग, असं जुळवत पाच पिंपळगावांवर पेन्सिलीनं खुणा केल्या, आणि पहिल्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला.